ठाण्याची ओळख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घरांत इतकी मुरली आहे की पोलीसठाण्याच्या पायरीसही ती आपोआप लागू झाली. हा धडा पूर्वजांस उगीच मिळाला नव्हता. 1791 साली पुण्यात कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले व खवळलेल्या जमावाने त्या कोतवालास ठार केले, हे वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ज्या हैदराबादेत आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथे कोतवालाची निराळीही आठवण आहे. 1920 ते 1934 पर्यंत शहर कोतवाल असलेले राजाबहादूर वेंकटराम रेड्डी यांचे नाव येथे अद्यापि आदराने घेतले जाते. खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलांसाठी रेड्डी वसतिगृह उभे राहिले त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. कोतवाली म्हणजे केवळ भय, हे समीकरण निदान आपल्या शहराच्या इतिहासास धरून नाही.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका दुःखद प्रसंगाने. देवळाचे एक वृद्ध सभासद दांपत्य, काकड्यास कधी न चुकणारे, सलग दोन दिवस दिसले नाही. तीर्थरूपांनी आम्हांस चौकशीस धाडले. दार काकूंनी उघडले, पण त्या आत या म्हणेनात. आतल्या खोलीत काका मोबाइल समोर ठेवून ताठ बसले होते आणि पडद्यावर एक गणवेशधारी गृहस्थ त्यांस दरडावीत होता. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हांस ‘डिजिटल अटक’ झाली आहे, कोणाशी बोलाल तर बेड्या पडतील, असा तो धाक होता. निवृत्तिवेतनातून साठविलेल्या रकमेचा मोठा भाग तोवर परक्या खात्यांत गेला होता. आम्ही फोन बंद करून 1930 या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळविले. थोडी रक्कम वाटेत अडविली गेली. बाकीची गेली ती गेली.

काकांनी उभी हयात शिक्षकी केली. असा मनुष्य फसला कसा, असे आम्ही पुढे धीर करून विचारले. ते म्हणाले, “अरे, खरा पोलीस कसा बोलतो, हे मला कुठे ठाऊक होते?”

हे उत्तर ऐकून आम्ही निरुत्तर झालो. जामबागेत जन्म काढूनही आम्हांस तरी ते कोठे ठाऊक होते?

तेव्हा खऱ्याची लक्षणे प्रथम पाहू. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची वस्तूच नाही. 27 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनही ते सांगितले. खरी अटक समक्ष होते. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट वाचता येईल असे असावे लागते, अटकेचे कारण सांगावे लागते, आप्तास वा स्नेह्यास कळवावे लागते, आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. फोनवर पैसे मागून कोणी निर्दोष ठरत नाही. साठ वर्षांवरील पुरुषास व कोणत्याही वयाच्या स्त्रीस साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसाने घरी यावे, असाच नियम आहे. हे एवढे एक वाक्य काकूंस ठाऊक असते तर!

आता ठाण्याची रचना. प्रमुख असतो तो इन्स्पेक्टर. त्यालाच स्टेशन हाऊस ऑफिसर म्हणतात. हद्दीचे विभाग पाडलेले असतात, प्रत्येक विभाग एका उपनिरीक्षकाकडे. आणि त्याखाली ‘बीट’, म्हणजे ठरावीक गल्ल्यांची गस्त, ती शिपायांकडे. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मनुष्य हा बीटाचा शिपाई होय. इन्स्पेक्टर आपणांस ओळखो न ओळखो. पहाटे काकड्याची घंटा वाजताना आपली गल्ली कोण ओलांडतो, हे आपणांस ठाऊक हवे. कोठी आणि मोअज्जमजाही मार्केट यांच्या सान्निध्यातील आपली वस्ती दाट आहे. ठाण्यांच्या हद्दी बदलत असतात, आणि समोरासमोरच्या दोन गल्ल्या दोन ठाण्यांत असणे अशक्य नाही. आपले घर कोणत्या ठाण्यात मोडते, हे प्रत्येकाने स्वस्थ असताना विचारून ठेवावे. तातडीच्या वेळी मात्र हा शोध नको; 112 फिरवावा. स्त्रिया व मुलींस छळ सोसावा लागत असेल तर 24 ऑक्टोबर 2014 पासून या शहरात काम करणारी ‘शी टीम्स’ ही पथके आहेत.

“ही आमची हद्द नव्हे” हे उत्तर पुष्कळांनी ऐकले असेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोठेही घडला असो, ठाण्याने नोंदवून घ्यावयाची आहे. नोंदलेला मजकूर वाचून दाखवावा लागतो व त्याची प्रत विनामूल्य द्यावी लागते. आपल्या वडीलधाऱ्यांस तेलुगू लिहिता येत नाही हा संकोच असतो. वाचून दाखविण्याची तरतूद त्यांच्यासाठीच आहे असे समजून ती मागावी.

ओळखीने काय साधते याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. यंत्रमागांचे भिवंडी शहर 1970 व 1984 या साली भीषण दंगलींत होरपळले. पुढे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. शांतता समित्या पूर्वीही असत. पण त्यांत पुढाऱ्यांची गर्दी. खोपडे यांनी हिंदू व मुसलमान सामान्य माणसे एकत्र बसविली, आणि बैठका शांततेच्या काळात घेतल्या. नळाचे भांडण, भाडेकऱ्याची कुरबुर असल्या किरकोळ गोष्टी तेथे निघत, आणि त्यांतूनच गल्ली व पोलीस परस्परांस ओळखू लागले. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. संकट आल्यावर ओळख करू म्हणणाऱ्यास हे साधले नसते.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. ओळख म्हणजे वशिला नव्हे. पोलिसास चहा पाजला म्हणून आपल्या दारातील गाडी रस्त्यात उभी राहू द्यावी, अशी अपेक्षा धरणारा मनुष्य ठाण्यासही बिघडवितो. तसेच शेजाऱ्याचे धर्म, अन्न वा पाहुणे यांच्या चहाड्या ठाण्यात नेणे ही ओळख नव्हे, तो दुष्टपणा आहे; भिवंडीचे उदाहरण सांगून आपण असे वागलो तर ते उदाहरण सांगण्याचा अधिकार आपणांस राहत नाही.

काकांच्या प्रकरणी आम्ही ठाण्यात चार खेपा घातल्या. एका खेपेस बराच वेळ ताटकळलो, दुसऱ्या खेपेस मात्र एका तरुण शिपायाने तेलुगू नोंदीतील ओळन्‌ओळ काकांस हिंदीत उलगडून सांगितली. त्याचे बीट आपलेच निघाले. हल्ली पहाटे गस्तीवर असला की तो देवळाच्या फाटकाशी दुचाकी थांबवितो आणि काका आले आहेत काय, असे विचारतो. काकूंनी त्याचे नाव व ठाण्याचा क्रमांक दिनदर्शिकेच्या मागील पानावर ठळक देवनागरीत लिहून ती फोनशेजारी टांगली आहे.