रात्री तीनची प्रार्थना

प्रश्न : आम्ही मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. गेली आठ वर्षं बेंगळुरूत आहोत. यजमानांच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू आहे, घराचे हप्ते आहेत, गावी वडिलांची तब्येत बरी नसते. रोज प्रार्थना करून झोपते आणि तीनच्या सुमारास छातीत धडधडून जाग येते. शेजारच्या ताई गुरुवारी विवेकनगरला बाळ येशूच्या देवालयात नेतात. तिथं बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा तेच. प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणाल्या, देवावर भरवसा असेल तर काळजी वाटणारच नाही. मग माझा विश्वास कमी पडतो का? बहीण डॉक्टरांना भेट म्हणते, पण तसं केलं तर हरल्यासारखं वाटेल.
— एक वाचक भगिनी, बेंगळुरू

उत्तर : ताई, काळजी वाटते म्हणून तुमचा विश्वास कमी ठरत नाही. छातीतली धडधड आपल्या हाती नसते. ती सुरू झाल्यावर आपण कुणाकडे वळतो, तेवढंच आपल्या हाती असतं. चिंतेत माणूस स्वतःशीच बोलत राहतो, तेच तेच घोळवत राहतो. तेच बोलणं देवाकडे तोंड करून केलं की त्याची प्रार्थना होते. शब्द तेच असले तरी चालतात.

स्तोत्रसंहिता उघडून बघा. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच भक्त देवाला चार वेळा विचारतो, हे कुठवर चालायचं? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात राहिलं, पिढ्यान्पिढ्या उपासनेत म्हटलं गेलं. रडगाण्यालाही देवासमोर जागा आहे, हे ज्यांनी ही स्तोत्रं जपून ठेवली त्यांना ठाऊक होतं.

गेथशेमाने बागेतली रात्र आठवा. मरण समोर दिसत असताना प्रभू येशू व्याकूळ झाला. त्यानं एकच मागणं तीनदा मागितलं, आणि तीन शिष्यांना आपल्यासोबत जागं राहायला सांगितलं. त्या रात्रीच्या त्याच्या घालमेलीला कुणी अविश्वास म्हणेल का? पौलानंही आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, पण तो सोसायला पुरेल एवढी कृपा मिळेल असं उत्तर आलं. फिलिप्पैकरांना चिंता करू नका असं त्यानं लिहिलं, तेही बंदिवासातून. ते पत्र नीट वाचलं तर दिसतं की मागाल ते मिळेल असं वचन तिथं नाही. आभार मानत मागणी देवापुढं ठेवा, म्हणजे त्याची शांती तुमच्या मनावर पहारा देईल, असं तो सांगतो. पहारा कुठं लागतो? जिथं धोका असतो तिथंच.

डोंगरावरील प्रवचनात पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला येतो. तो ऐकणाऱ्यांत हातावर पोट असलेली माणसं होती, उद्याच्या भाकरीची भ्रांत त्यांना खरोखरीची होती. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत म्हणूनच भाकर मागितली आहे ती फक्त आजची. वीस वर्षांचे हप्ते एका रात्रीत डोक्यावर घेतले तर कुणीही दबून जाईल.

तेव्हा जाग आली की असं करून बघा. उठून बसा. जी भीती सर्वांत मोठी असेल ती एकच, नाव घेऊन, आपल्या मराठीत देवाला सांगा. मोठे शब्द शोधू नका. आज मिळालेल्या एका गोष्टीचे आभार माना. फक्त उद्याच्या दिवसापुरतं मागा आणि थांबा. झोप लागली नाही तरी प्रार्थना फुकट गेली असं समजू नका. विवेकनगरला गुरुवारी सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन येतात. त्या गर्दीत तुम्हाला बरं वाटतं, कारण तिथं आपली काळजी एकटीची राहत नाही. तसंच रात्री हाक मारता येईल असं एक माणूस जवळ असू द्या. येशूनंही सोबत मागितलीच होती.

आता डॉक्टरांचं. तुमच्या शहरानंच याचं उत्तर दिलेलं आहे. 1886 मध्ये सेंट मार्था हॉस्पिटल उभं राहिलं ते गुड शेफर्ड संस्थेच्या सिस्टरांमुळं. 1963 मध्ये सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज कॅथलिक चर्चनं सुरू केलं, 1973 मध्ये हेब्बाळला बॅप्टिस्ट हॉस्पिटल आलं. ही प्रार्थना करणाऱ्या माणसांचीच कामं आहेत. औषध घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं, असं त्यांना कधी वाटलं नाही. झोपमोड आणि धडधड आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर ते दुखणं आहे, दाखवायलाच हवं. निम्हान्स ही मनाच्या आजारांवर उपचार करणारी संस्था तुमच्याच शहरात आहे. टेली मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, रात्री तीनलाही, फोन करता येतो.

भरवसा म्हणजे काय, असा विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा जन्म तुमच्या कर्नाटकातला, 1858 चा, सह्याद्रीच्या रानातला. दुष्काळात आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच पती गेले. पुढं 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना आणलं. त्यांनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ही संख्या वाढतच गेली. एवढ्या तोंडांच्या उद्याच्या जेवणासाठी रमाबाई प्रार्थना करत, आणि विहिरीही खणत, शेतीही करवत. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तिच्यासाठी आईनं प्रार्थना केली नसेल का? तरी रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर पुढं नेत राहिल्या. 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांचंही देहावसान झालं. भरवशानं त्यांचं दुःख टळलं नाही. दुःखातही त्यांचा हात कामावरून उठला नाही, तो या भरवशामुळं.

उद्यान एक्सप्रेसनं पुण्याला याल तेव्हा दौंड सोडल्यावर केडगाव लागतं, खिडकीतून बघा. आज रात्री जाग आली तर देवाशी बोला, आणि सकाळी बहिणीला फोन करून डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगा. दोन्ही एकाच भरवशानं करा.