प्रेक्षक कोणाच्या बाजूचा?

परदेशी खेळाडूविरुद्ध आपला खेळाडू उतरला, की प्रेक्षकाला बाजू निवडावी लागत नाही. ती त्याच्यासाठी आधीच निवडलेली असते. आपल्या देशाचा तो आपला, समोरचा तो परका, इतका हा हिशेब सोपा आहे. परंतु टेनिसच्या जाळ्याच्या दोन्ही अंगांना एकाच देशाचे खेळाडू उभे राहिले, की हा हिशेब मोडतो. मग प्रेक्षक बाजू ठरवतो ती खेळाच्या शैलीवरून, वयावरून, स्वभावावरून, हरत असलेल्याविषयी वाटणाऱ्या कणवेवरून. आणि कधी कधी अशाही कारणांवरून, की जी तो चारचौघांत बोलून दाखवणार नाही. ध्वज बाजूला ठेवल्यावर प्रेक्षकाच्या मनात काय उरते, हे म्हणूनच अशा सामन्यांत दिसते. अमेरिकेत २००१ या एकाच वर्षी असे तीन प्रसंग घडले. त्यांतील एक सामना तर खेळलाच गेला नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम सोपा प्रसंग घेऊ. सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्क येथील अमेरिकन खुल्या स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीत पीट सॅम्प्रस आणि आंद्रे अ‍ॅगासी यांची गाठ पडली. याच स्पर्धेच्या १९९० व १९९५ च्या अंतिम सामन्यांत सॅम्प्रसने अ‍ॅगासीला हरवले होते. आता एक तीस वर्षांचा, दुसरा एकतीस वर्षांचा. सॅम्प्रस अबोल, झेपावत्या सर्व्हिसवर आणि जाळ्याजवळच्या खेळावर विसंबणारा. अ‍ॅगासी बोलका, मागच्या रेषेवर पाय रोवून उभा राहणारा आणि आलेली सर्व्हिस दुप्पट वेगाने परतवणारा. न्यूयॉर्ककरांनी दोघांनाही पोरवयापासून पाहिले होते. सामना ६-७, ७-६, ७-६, ७-६ असा सॅम्प्रसने जिंकला. चार सेटमध्ये अठ्ठेचाळीस गेम झाले आणि एकदाही, कोणाचीही, सर्व्हिस भेदली गेली नाही. निकाल लागला तो चार टायब्रेकरमध्ये.

या सामन्यातील सर्वांत बोलका क्षण मात्र एकही चेंडू न मारता घडला. मध्यरात्र उलटून गेली होती. चौथा टायब्रेकर सुरू व्हायचा होता आणि तेवीस हजारांच्या आसपास प्रेक्षक एकदम उभे राहिले. टाळ्या थांबेनात. या टाळ्या सॅम्प्रससाठी नव्हत्या, अ‍ॅगासीसाठीही नव्हत्या. कोणी जिंकले नव्हते, कोणी हरले नव्हते. पुढे सॅम्प्रस अंतिम सामन्यात लेटन ह्यूइटकडून सपशेल हरला. पण त्या वर्षीच्या स्पर्धेचा विषय निघाला, की लोक विजेत्याच्या आधी या सामन्याची आठवण काढतात.

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना येथे भरताचे नाट्यशास्त्र आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच्या सिद्धिविषयक अध्यायात भरताने प्रेक्षकांच्या प्रतिसादाची बारकाईने वर्गवारी केली आहे. मानुषी सिद्धी दोन प्रकारची: वाणीने होणारी आणि शरीराने होणारी. अंगावर काटा येणे, आसनावरून उठून उभे राहणे, वस्त्रे उधळणे हे सारे दुसऱ्या प्रकारात मोडते. दैवी सिद्धी त्याहून वरची. तेथे प्रेक्षागृह भरलेले असते आणि तरीही आवाज नसतो, क्षोभ नसतो. याच अध्यायात ‘घात’ म्हणजे प्रयोगाला येणारे अडथळेही सांगितले आहेत, आणि त्यांत एक प्रकार प्रतिपक्षाकडून होणाऱ्या घातांचा आहे. मत्सराने, द्वेषाने, पक्षपाताने किंवा पैसे खाऊन माणसे आरडाओरडा करतात, शेणगोळे आणि ढेकळे फेकतात, असे भरत सांगतो. दोन हजार वर्षांत फेकण्याच्या वस्तू तेवढ्या बदलल्या.

आता मार्च महिन्याकडे मागे वळू. कॅलिफोर्नियातील इंडियन वेल्स येथील स्पर्धेत व्हीनस आणि सेरेना या विल्यम्स भगिनींचा उपान्त्य सामना १५ मार्चला व्हायचा होता. सामना सुरू होण्यास अवघी काही मिनिटे उरली असताना व्हीनसने गुडघ्याच्या दुखण्यामुळे माघार घेतल्याचे जाहीर झाले आणि सेरेनाला पुढे चाल मिळाली. आदल्या फेरीत व्हीनसकडून हरलेल्या येलेना देमेन्तिएव्हाने, या दोघींत कोण जिंकणार हे त्यांचे वडील ठरवतील, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. संशयाची ठिणगी पडलेलीच होती. माघारीने तिला वारा मिळाला.

तिकिटाचे पैसे मोजून, तासन् तास आधी येऊन बसलेल्या माणसाला ऐनवेळी सामना रद्द झाल्याचे कळले, तर त्याने रागावू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या दिवशीचा राग समजण्यासारखा आहे. पण दोन दिवसांनी, १७ मार्चला, अंतिम सामना झाला. समोर होती बेल्जियमची सतरा वर्षांची किम क्लायस्टर्स. अमेरिकेतील मैदान, अमेरिकेची एकोणीस वर्षांची खेळाडू. आणि सारे प्रेक्षागृह परदेशी मुलीच्या बाजूने. सेरेना मैदानावर आली तेव्हा हुर्यो उडाली. व्हीनस आणि वडील रिचर्ड विल्यम्स जागेवर बसायला आले तेव्हा तीच हुर्यो आणखी वाढली. सेरेनाच्या दुहेरी चुकांवर टाळ्या पडल्या. पहिला सेट गमावूनही तिने सामना ४-६, ६-४, ६-२ असा जिंकला. प्रेक्षकांतून वंशावरून शिवीगाळ झाल्याचे रिचर्ड विल्यम्स यांनी नंतर सांगितले. सेरेनानेही पुढे ते लिहिले.

या हुर्योचे समर्थन करता येत नाही. माघार घेतली होती व्हीनसने. सेरेना तर खेळायला तयार होती. संगनमताचा पुरावा कोणी कधी पुढे आणला नाही. सॅम्प्रस आणि अ‍ॅगासी यांनी जाहिरातीत एकत्र काम केले होते, डेव्हिस चषकात एकाच संघातून खेळले होते. पण त्यांच्यातील सामना ठरवून झाला असेल असे कोणाला वाटले नाही. बहिणी म्हटल्यावर संशय यावा, हे एकवेळ मानवी स्वभावाला धरून आहे असे म्हणू. परंतु श्रीमंतांच्या, बहुतांशी गोऱ्या प्रेक्षकवर्गापुढे एका कृष्णवर्णीय कुटुंबावर तोच संशय इतक्या सहजतेने निकाल होऊन बसला, याचा उलगडा केवळ तिकिटाच्या पैशांनी होत नाही. ध्वज बाजूला सरकला आणि खालचे जुने अस्तर दिसले.

तिसरा प्रसंग पुन्हा न्यूयॉर्कचा. ८ सप्टेंबरच्या रात्री याच दोघी अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या. सख्ख्या बहिणींनी मोठ्या स्पर्धेचा एकेरीचा अंतिम सामना खेळण्याचा याआधीचा प्रसंग १८८४ चा: विम्बल्डनला मॉड वॉटसनने लिलियनला हरवले होते. व्हीनस ६-२, ६-४ अशी जिंकली. प्रेक्षागृह भरलेले होते, हुर्यो नव्हती. तरी तीन रात्रींपूर्वीची तन्मयताही नव्हती. टाळ्या पडत, पण जपून. ही शांतता भरताच्या दैवी सिद्धीची नव्हे. एकीसाठी ओरडावे तर ते दुसरीच्या विरुद्ध होते, आणि खुद्द खेळणाऱ्यांनाच एकमेकींना हरवणे जड जात असेल, तर बाहेरच्याने कोणत्या तोंडाने ओरडावे? स्पर्धेच्या नाट्याला दोन विरोधी इच्छा लागतात. येथे त्या होत्या की नाही, याचीच प्रेक्षकाला खात्री वाटेना.

इंडियन वेल्सला सेरेना चौदा वर्षे फिरकली नाही. त्या दिवशी जिंकल्यावर आपण कपडे बदलण्याच्या खोलीत कित्येक तास रडत होतो, असे तिने २०१५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात लिहिले, आणि त्याच वर्षी ती परतली. प्रेक्षकांनी उभे राहून स्वागत केले. योगायोग असा, की तिने त्या वर्षी उपान्त्य सामन्यातूनच माघार घेतली, आणि तीही गुडघ्याच्या दुखण्यामुळे. ती स्वतः मैदानावर येऊन प्रेक्षकांशी बोलली आणि बहुतेकांनी टाळ्याच वाजवल्या. व्हीनस २०१६ मध्ये परतली.

मार्च २०१८ मध्ये, तिसऱ्या फेरीत, इंडियन वेल्सला दोघी बहिणींचा सामना अखेर झाला. सेरेना बाळंतपणानंतर नुकतीच खेळू लागली होती. व्हीनसने ६-३, ६-४ असा विजय मिळवला. या वेळी प्रेक्षकांच्या टाळ्या दोघींनाही मिळाल्या.