शुगर लो होते तेव्हा

टाइप वन डायबेटिस म्हटलं की लोक साखर वाढण्याची भीती घालतात. शाळेत असल्यापासून मी इन्सुलिनवर आहे. मला धास्ती असते ती शुगर खाली जाण्याची.

१. आज शुगर लो झाली की उद्या पुन्हा होणं सोपं होतं. वारंवार ७०च्या खाली गेलं की शरीर त्यालाच सरावतं. घाम, थरथर, धडधड उशिरा येतात, पुढे येतच नाहीत. वर्गात फळ्यावर मी एकच ओळ पुन्हा पुन्हा गिरवत होते. पुढच्या बाकावरच्या मुलींना ते कळलं, मला नाही. डॉक्टरांनी डोस कमी करून काही आठवडे शुगर मुद्दाम थोडी वर ठेवली, एकदाही लो होऊ द्यायची नाही म्हणून. मग थरथर परत आली. हात कापताहेत म्हणून खूश होणारी बाई विरळाच!

२. एचबीए१सी चाचणी छान आली म्हणून निर्धास्त राहू नये. ती शुगरची सरासरी, खड्डे त्यात दिसत नाहीत. १९९३च्या डीसीसीटी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात काटेकोर उपचारांनी डोळे आणि किडन्या वाचल्या, पण गंभीर लो सुमारे तिपटीने वाढले.

३. ज्याला एकदा दुसऱ्याने शुद्धीवर आणलंय, त्याला पुन्हा तसं होण्याचा धोका जास्त. आजार जुना असेल किंवा किडनी कमजोर असेल तर आणखी.

४. पंगतीत ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन टोचत नाही. मुहूर्त टळतो, वाढपी दुसऱ्या टोकाला असतात, इन्सुलिन मात्र थांबत नाही.

५. रोज त्याच जागी सुई टोचून पोटावर गाठी होतात. तिथून इन्सुलिन नीट लागत नाही, म्हणून डोस वाढत जातो. तोच वाढलेला डोस ताज्या जागी टोचला की शुगर धाडकन खाली. जागा बदलताना डोस डॉक्टरांना विचारावाच.

६. संध्याकाळी जास्त चालणं झालं की स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात. दारू घेणाऱ्याचं यकृत तर साखर सोडायलाच कुचराई करतं. झोपेत कळणार कुणाला? मी झोपण्यापूर्वी बोट टोचतेच.

७. शुद्ध असेल तर ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. मला कुशीवर कसं वळवायचं ते सासूबाईंना दाखवलंय. अॅम्ब्युलन्सचा १०८ नंबर त्यांनी स्वतःच देवघराशेजारच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवलाय.