विपरीत शिक्षण आणि एक गीतसंग्रह

शिक्षण म्हणजे काय, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक मनुष्य आपापल्या परीनें देतो. विद्यार्थी म्हणतो परीक्षा, पालक म्हणतात नोकरी, आणि शिक्षक म्हणतात संस्कार. परंतु जें शिकविलें गेलें तेंच कधीं कधीं मनुष्याच्या उन्नतीच्या आड येतें, हा विचार फार थोड्यांच्या मनांत येतो. अमेरिकेंतील एका तेवीस वर्षांच्या गायिकेनें १९९८ सालीं हाच विचार आपल्या गीतसंग्रहाच्या नांवांत गोंविला. त्या गायिकेचें नांव लॉरिन हिल, आणि संग्रहाचें नांव ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’, म्हणजे ‘लॉरिन हिल हिचें विपरीत शिक्षण’. या संग्रहाचा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, असा आमचा हेतु आहे. रॅप हा शब्द कानीं पडतांच पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांचे पाय आपोआप ठेका धरूं लागतात. दोघांनींहि क्षणभर स्वस्थ बसून हा विषय समजून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम रॅप आणि सोल या दोन प्रकारांची ओळख करून घेतली पाहिजे, कारण या संग्रहाचें सारें सामर्थ्य त्यांच्या मिलाफांत आहे. न्यूयॉर्क शहरांतील ब्रॉंक्स नांवाच्या भागांत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं झालेल्या एका नृत्यमेजवानीपासून हिप-हॉपचा जन्म मोजण्याची प्रथा आहे. त्या प्रसंगीं तबकड्या वाजविणारा तरुण क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डी. जे. कूल हर्क हा मूळचा जमैका बेटांतील. गाण्याच्या ज्या तुकड्यांत गायन थांबून केवळ तालवाद्यें वाजत असतात, तोच तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्यानें पुनःपुन्हा वाजवून नाचणाऱ्यांस अखंड ठेका पुरविण्याची युक्ति त्यानें प्रचारांत आणिली. त्या ठेक्यावर यमकें जुळवीत जलद बोलण्याची जी कला पुढें वाढीस लागली, तीच रॅप. हिच्यांत सूर गौण आणि शब्द प्रधान. चार मात्रांच्या आवर्तनांत किती अक्षरें बसवावीं, कोठें थांबावें, ओळीच्या शेवटींच नव्हे तर तिच्या पोटांतहि यमक कसें साधावें, यांत रॅप करणाऱ्याचें कसब दिसून येतें.

सोल या इंग्रजी शब्दाचा अर्थ आत्मा. कृष्णवर्णीय ख्रिस्ती बांधवांच्या चर्चमधून जें आवेशपूर्ण भक्तिगायन होत असे, त्याची तळमळ १९५० नंतरच्या दशकांत रे चार्ल्स, सॅम कुक इत्यादि गायकांनीं लौकिक गाण्यांत आणिली, आणि सोल-गायन जन्मास आलें. अरेथा फ्रँकलिन ही या प्रकारांतील थोर गायिका डेट्रॉइट येथील एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची कन्या. तिचा आवाज प्रथम वडिलांच्या चर्चमध्येंच घडला. सोल-गायनांत एकाच अक्षरावर अनेक स्वर फिरवून अंतःकरणांतील भाव बाहेर काढितात. तेथें शब्द थोडके पुरतात. थोडक्यांत सांगावयाचें तर, रॅप करणारा आपलें म्हणणें पटवून देतो, आणि सोल गाणारा आपलें दुःख किंवा प्रेम उघडें करितो. मनुष्याला दोहोंचीहि गरज असते. परंतु हिप-हॉपच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या कामाची बहुधा वांटणीच होऊन गेली होती: पुरुषानें रॅप करावें आणि ध्रुपदापुरती एखादी गायिका बोलवावी. क्वीन लतीफा, एम. सी. लाइट या स्त्रियांनीं ही वांटणी मोडण्यास आधींच आरंभ केला होता. लॉरिन हिलनें तर एकाच कंठांतून दोन्हीं कामें इतक्या सहजतेनें केलीं कीं, बोलणें कोठें संपलें आणि गाणें कोठें सुरू झालें हें ध्यानांतहि येत नाहीं.

लॉरिनचा जन्म २६ मे १९७५ रोजीं न्यू जर्सी संस्थानांत झाला. आई इंग्रजीची शिक्षिका होती. घरांत जुन्या सोल-गीतांच्या तबकड्या होत्या, त्या ऐकत ती वाढली. मॅपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलमध्यें तिचें शिक्षण झालें, आणि १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टर अ‍ॅक्ट’च्या दुसऱ्या भागांत तिनें शाळेच्या गायकवृंदांतील एका विद्यार्थिनीची भूमिका केली. पुढें कोलंबिया विद्यापीठांत ती कांहीं काळ शिकली. वायक्लेफ जीन व प्राझ मिशेल यांच्यासह ती ‘फ्यूजीज’ या मंडळींत गात असे. या तिघांचा ‘द स्कोअर’ हा संग्रह १९९६ सालीं निघाला व त्यांचें नांव जगभर झालें. त्यानंतर आपल्या मनांतील गोष्ट आपणच सांगावी या इच्छेनें तिनें स्वतंत्र संग्रहाचें काम हातीं घेतलें. त्याचें ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क येथें आणि जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील, बॉब मार्ली या विख्यात गायकाच्या परंपरेंतील, टफ गाँग ध्वनिमुद्रणालयांत झालें. हिप-हॉपचें एक मूळ ज्या बेटांत होतें, त्याच बेटांत ती अशा रीतीनें परतून गेली. यंत्रांनीं काढलेल्या तुकड्यांवरच भिस्त न ठेवतां प्रत्यक्ष वाद्यें वाजवून घेण्याकडे तिचा विशेष कटाक्ष होता.

आतां संग्रहाच्या नांवाकडे वळूं. कार्टर जी. वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराचें ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ हें पुस्तक १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या नांवाचा प्रतिध्वनि या संग्रहाच्या नांवांत आहे. वुडसन यांचे आईबाप पूर्वाश्रमीं गुलाम होते. स्वतः त्यांनीं कोळशाच्या खाणींत काम केलें, वयाच्या विसाव्या वर्षीं ते हायस्कुलांत दाखल झाले, आणि १९१२ सालीं हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली. एवढें शिकलेला हा पुरुष शिक्षणाविरुद्ध कां बोलला? त्यांचें म्हणणें असें कीं, जी शाळा मुलाला त्याच्या पूर्वजांविषयीं कांहींच सांगत नाहीं, किंवा सांगितलें तर तुच्छतेनें सांगते, ती शाळा त्याला स्वतःचा तिरस्कार करावयास शिकविते. आणि एकदां मनच अंकित झालें म्हणजे पायांत बेडी घालण्याची आवश्यकता उरत नाहीं. येथें महाराष्ट्रीय वाचकांस महात्मा जोतीराव फुले यांचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहून, अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस तें अर्पण केलें होतें. विद्येनें मनुष्य मुक्त व्हावा, बांधला जाऊं नये, ही चिंता दोन्हीं देशांत सारखीच होती.

लॉरिन हिलनें हा विचार व्याख्यान देऊन मांडला नाहीं. संग्रहाचा आरंभ शाळेच्या घंटेनें होतो. शिक्षक वर्गांत हजेरी घेत आहेत, एकेक मूल उत्तर देत आहे. अखेरीस लॉरिन हिल हें नांव पुकारलें जातें, पुन्हा पुकारलें जातें, आणि उत्तर येत नाहीं. ती गैरहजर आहे! पुढें गाण्यांच्या मधून मधून हा वर्ग पुन्हा आपल्या कानीं पडतो. शिक्षक मुलांना प्रेम म्हणजे काय असें विचारितात, आणि मुलें आपल्या मनास येईल तें मोकळेपणानें सांगतात. हीं उत्तरें पढविलेलीं नाहींत. शिक्षकाचें काम करणारे रास बराका हे न्यूअर्क येथील कवि व शिक्षक. तेच पुढें २०१४ सालीं त्या शहराचे महापौर म्हणून निवडून आले. या योजनेंतील मर्म आमच्या मतें असें: ज्या दिवशीं वर्गांत प्रेमाचा धडा झाला त्या दिवशीं ही मुलगी तेथें नव्हती, म्हणून तो धडा तिला जगांत, ठेंचा खात, शिकावा लागला. संग्रहांतील गाणीं म्हणजे त्या चुकलेल्या धड्याची भरपाई होय.

त्यांपैकीं कांहीं गाण्यांचा विचार करूं. ‘डू वॉप (दॅट थिंग)’ हें गाणें प्रथम तरुण मुलींस आणि नंतर तरुण मुलांस उद्देशून आहे. क्षणिक सुख आणि पैसा यांच्या मागें धांवतांना स्वतःची किंमत विसरूं नका, असा त्याचा आशय. उपदेश दोघांनाहि आहे. मुलींना बोल लावून मुलांना सोडून दिलेलें नाहीं, हें पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. कडव्यांत रॅप आणि ध्रुपदांत अनेक आवाजांचा मेळ, अशी त्याची रचना आहे. शहरांतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून तरुण मंडळी जें समूहगान करीत, त्या जुन्या डू-वॉप प्रकाराचें स्मरण या गाण्याच्या नांवांतच ठेविलें आहे. त्याच्या चित्रफितीचे दोन भाग केलेले असून एका बाजूस १९६७ सालची आणि दुसऱ्या बाजूस १९९८ सालची लॉरिन एकाच वेळीं गातांना दिसते. आजीच्या पिढीचें गाणें आणि नातीच्या पिढीचें गाणें एकमेकांचे वैरी नाहींत, असेंच जणूं तें चित्र सांगतें.

‘टू झायन’ हें गाणें तिच्या पहिल्या मुलाविषयीं आहे. तो १९९७ सालीं जन्मला. कीर्तीच्या शिखरावर असतांना मूल होऊं देणें म्हणजे आपल्या धंद्याचें नुकसान करणें होय, असा सल्ला तिला मिळाला होता, हें ती गाण्यांतच सांगते. आणि तो सल्ला बाजूस सारून आपण आपल्या अंतःकरणाचें ऐकिलें याचा आनंद व्यक्त करिते. येथें सोल-गायनाचा पूर येतो, कार्लोस सँताना यांची गिटार त्यास साथ देते, आणि शेवटीं चर्चमधील गायकवृंदासारखा समूहस्वर उठतो. झायन हें पवित्र शास्त्रांतील सियोन डोंगराचें नांव होय. एका आईनें मुलाच्या नांवांत आपली सारी श्रद्धा सांठविली आहे.

शास्त्राशीं असलेला हा संबंध अन्यत्रहि दिसतो. ‘फरगिव्ह देम फादर’ या गाण्याचें नांवच लूककृत शुभवर्तमानांतील क्रूसावरच्या प्रार्थनेची आठवण देतें. ‘टेल हिम’ या गाण्यांत करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांतील प्रीतीचें वर्णन तिनें प्रार्थनेच्या रूपानें आपलेंसें केलें आहे. ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’ हें गाणें शहरांतील गरीब वस्त्यांतील मुलांस धीर देतें. त्यांतील पियानो त्या वेळीं विद्यार्थी असलेल्या आणि पुढें जॉन लेजंड या नांवानें विख्यात झालेल्या तरुणानें वाजविला आहे. आणि संग्रहाचेंच नांव धारण करणाऱ्या गाण्यांत ती सांगते कीं, इतरांनीं आपल्याला कसें असावें हें ठरविलें होतें, परंतु शोधीत असलेलें उत्तर अखेर स्वतःच्या अंतर्यामींच सांपडलें.

हा संग्रह २५ ऑगस्ट १९९८ रोजीं निघाला. पहिल्याच आठवड्यांत अमेरिकेंत त्याच्या ४,२२,००० हून अधिक प्रती खपल्या. फेब्रुवारी १९९९ मधील ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभांत लॉरिनला पांच पारितोषिकें मिळालीं. एका रात्रींत इतकीं पारितोषिकें मिळविणारी ती पहिलीच स्त्री. वर्षांतील सर्वोत्कृष्ट संग्रहाचें पारितोषिक हिप-हॉपला प्रथमच लाभलें तें याच संग्रहामुळें. त्या प्रसंगीं तिनें व्यासपीठावर पवित्र शास्त्र उघडून चाळिसाव्या स्तोत्रांतील वचनें वाचिलीं. २०१५ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें राष्ट्राच्या जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत या संग्रहास स्थान दिलें, आणि २०२१ सालीं त्याची गणना एक कोटि प्रतींवर गेल्याचें प्रमाणपत्र मिळालें. रॅप करणाऱ्या स्त्रीच्या वांट्यास हा मान प्रथमच आला.

यशाची दुसरी बाजू लपविणें हें शिक्षणास शोभणारें नाहीं. या संग्रहाच्या कामांत साहाय्य करणाऱ्या चार संगीतकारांनीं, आपल्या श्रमाचें श्रेय आपल्याला पुरतेपणीं मिळालें नाहीं, अशी फिर्याद १९९८ सालीं न्यायालयांत केली; २००१ सालीं ती आपसांत मिटली. एकाच्या नांवानें निघणारी कृति पुष्कळदां अनेकांच्या हातांनीं घडते, आणि त्या हातांचा उल्लेख आधींच व्हावा हें बरें. शिवाय एवढ्या कीर्तीनंतर पाव शतक लोटलें तरी तिचा दुसरा असा संग्रह निघाला नाहीं. २००२ सालीं निघालें तें श्रोत्यांसमोर गिटार घेऊन गायिलेल्या गाण्यांचें मुद्रण. लोकांच्या अपेक्षेचें ओझें किती जड असतें, हेंहि यांतून शिकण्यासारखें आहे.

पालकांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, रॅपमध्यें कठोर व असभ्य शब्द पुष्कळदां येतात ही त्यांची तक्रार खरी आहे. या संग्रहांतहि असे कांहीं शब्द आहेत. परंतु तेवढ्यावरून सबंध कलेस दार बंद करणें उचित नव्हे. मुलें काय ऐकतात हें दाराबाहेरून ओळखण्यापेक्षां त्यांच्या शेजारीं बसून ऐकावें, आणि कोणतें वचन घ्यावें, कोणतें टाकावें, याची चर्चा करावी. कारण प्रेम, स्वाभिमान आणि पैसा यांविषयींचे प्रश्न मुलांच्या मनांत येणारच. घरीं कोणी बोललें नाहीं तर त्यांचीं उत्तरें बाजार देईल. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें निराळें आहे. केवळ ठेक्यावर मान डोलावून थांबूं नका. बोललेले शब्द नीट ऐका, त्यांचा अर्थ काढा, ते तुम्हांस स्वतःचा आदर करावयास शिकवितात कीं स्वतःचा तिरस्कार, हें तपासा. हीच कसोटी आपल्या क्रमिक पुस्तकांसहि लावण्यास भिऊं नका. वर्गांत हजेरी लागली म्हणजे शिक्षण झालें असें नव्हे. मनानें जो हजर असतो तोच शिकतो, आणि जो धडा चुकला तो पुढें कधींहि, कोठेंहि भरून काढितां येतो.