चौथा पर्याय

चि. मुक्ता,


तुझ्या वहीचे फोटो मिळाले, रात्री बसून सगळे तपासले. जीआरई परीक्षेच्या, डावी-उजवी राशी तुलना करायच्या वीस प्रश्नांपैकी अकरांत तू चौथ्या पर्यायावर खूण केली आहेस : दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. त्यातले सात चुकलेत. तुला गणित येत नाही असं मला मुळीच वाटत नाही. पण ‘मला सांगता येत नाही’ आणि ‘कुणालाच सांगता येणार नाही’ यांत फार अंतर आहे गं.

तुझा सातवा प्रश्न घे. प ही २० आणि ३० यांच्यामधली मूळ संख्या. डावीकडे प ला ६ ने भागल्यावर उरणारी बाकी, उजवीकडे ५. प किती ते दिलेलं नाही, म्हणून तू चौथा पर्याय निवडलास. पण त्या टप्प्यात मूळ संख्या आहेत तरी किती? २३ आणि २९. दोन्हींची बाकी ५. म्हणजे राशी समान! प नक्की कोण हे कळलं नाही, तरी उत्तर पक्कं आहे. मूळ संख्या आणि असमानता एकत्र दिसल्या की आधी त्या मर्यादेत बसणाऱ्या मूळ संख्या कच्च्या कागदावर लिहून काढ. ५१, ५७, ९१ यांना त्यात घेऊ नकोस. ९१ म्हणजे ७ × १३, ती भल्याभल्यांना चकवते.

आता माझा फार आवडता प्रश्न. प मूळ संख्या आहे, एवढंच दिलंय. डावीकडे प चा वर्ग, उजवीकडे २ चा प वा घात. प = २ घेतलं तर ४ आणि ४, समान. ३ घेतलं तर ९ आणि ८, डावी मोठी. ५ घेतलं तर २५ आणि ३२, उजवी मोठी. पहिल्या तीन मूळ संख्यांत तिन्ही निकाल हजर! इथे चौथा पर्याय बरोबर, कारण तो तू सिद्ध केलास. आता वर एकच अट लिही : प > ३. लगेच उत्तर बदलतं. ५ पासून पुढे प एकाने वाढला की उजवी राशी दुप्पट होते; वर्ग काही दुप्पट होत नाही, २५ चे ३६ होतात. म्हणून उजवी कायम मोठी.

चौथ्या पर्यायाला दोन वेगवेगळे निकाल देणारी उदाहरणं पुरतात. बाकीच्या तिघांना (डावी मोठी, उजवी मोठी, दोन्ही समान) मात्र कारण लागतं, नुसती उदाहरणं पुरत नाहीत. ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलेलं एक सूत्र आहे : न चा वर्ग, त्यातून न वजा, अधिक ४१. न च्या जागी १ पासून ४० पर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या घाल, मूळ संख्याच मिळते. ४१ घातलेस की मिळतो सरळ ४१ चा वर्ग. चाळीस साक्षी जुळले आणि एकेचाळिसावा फिरला.

सोळाव्या प्रश्नात क्ष हा १ पेक्षा लहान होता. क्ष चा वर्ग आणि क्ष चा घन यांची तुलना करायची होती. तू अर्धा घेतलास, उणे दोनही घेतलेस. छान केलंस. शून्य मात्र राहिलं, आणि शून्याला दोन्ही सारखे. दोन्ही बाजूंना क्ष ने भागायचा मोहही आवर. क्ष ऋण असेल तर चिन्ह उलटतं, शून्य असेल तर भागताच येत नाही. परीक्षेत गणिताच्या पहिल्या भागात १२ प्रश्नांना २१ मिनिटं मिळतात, तेव्हा शून्य, एक, अपूर्णांक, ऋण आणि मूळ संख्यांतली एकुलती सम २ ही पाच नावं हाताशीच असू देत.

रविवारी फोन करशील तेव्हा याच्यावर बोलू : दोन मूळ संख्यांमध्ये ३ चा फरक आहे. डावीकडे त्यांतली मोठी, उजवीकडे ५. उत्तर मागाहून सांग, आधी कारण सांग.

तुझी,
आत्या