गाडी घाटात कशी वागते?

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण पावसाळ्यात भंडारदऱ्याला गेले असतील. प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले धरण तुम्ही तेथे पाहिले असेल. संगमनेरकडून, अकोले गावावरून भंडारदऱ्याला जाताना विठा घाट लागतो. माझ्या मामूंच्या नव्या गाडीतून मी याच रस्त्याने गेलो होतो. त्या गाडीला क्लच नाही. तिचे गिअर आपोआप बदलतात.

सरळ रस्त्यावर मामूंनी एक बटण दाबले आणि पाय उचलला. तरीही गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत राहिली. याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. अमेरिकेतील राल्फ टीटर या अभियंत्याला १९५० साली त्याचे पेटंट मिळाले. नवल असे, की टीटर लहानपणापासून अंध होते!

घाट चढताना वेग कमी होऊ लागला. यंत्राने इंजिनाला जास्त पेट्रोल दिले. तेवढ्याने भागेना, म्हणून गिअर खाली आला आणि इंजिन गुरगुरू लागले. समोर तर वळण! यंत्राला वेग कळतो, वळण कुठे कळते? मामूंनी ब्रेकवर पाय ठेवताच क्रूझ कंट्रोल बंद झाले.

खरी अडचण परतताना आली. उतारावर पाय उचलला, की इंजिनावर भार नाही असे समजून गाडी वरचा गिअर घेते. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसे रोखत नाही. साधे क्रूझ कंट्रोलही पेट्रोल कमी करते, पण ब्रेक लावत नाही. मामू सारखा ब्रेक दाबत होते. थोड्या वेळाने जळका वास आला.

"मामू, गाडी थांबवा!" मी म्हणालो.

ब्रेक घासून तापले होते. फार तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. मागून येणारा एक जीपवाला थांबला. तो म्हणाला, "चाचा, ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा."

"पण ही तर ऑटोमॅटिक आहे!"

"मग दांडा खालच्या गिअरवर घ्या."

ब्रेक थंड झाल्यावर मामूंनी तसे केले. इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी आवरली गेली. आता ब्रेक फक्त वळणावर लागत होता. पेट्रोल वाचवण्यासाठी काही जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. आजच्या बहुतेक गाड्या गिअरमध्ये उतरताना पेट्रोल आपोआप तोडतात; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच.