लेकरांच्या मनावरील ओझे

दप्तराचे ओझे काट्यावर तोलता येते. मनावरचे मायबापांसही दिसत नाही. १९८९ साली राज्यसभेत कादंबरीकार आर. के. नारायण यांनी मुलांच्या दप्तरांविषयी कळकळीचे भाषण केले. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली अहवाल दिला, त्यात म्हटले की, पुस्तकांच्या वजनापेक्षा न कळण्याचे ओझे अधिक घातक. न कळलेले पाठ करावयाचे, आणि कळले नाही हे सांगण्याचे भय!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलास मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. बरे झाले. पण "शेजारच्याला किती मार्क मिळाले रे?" हे घरातले विचारणे कोणते कलम थांबवणार? मीही ते नातवाला कितीदा विचारले आहे. परीक्षेच्या सकाळी त्याचे पोट दुखे, आम्ही म्हणायचो, सोंग करतो. भीतीने लेकरांचे पोट खरेच दुखते हो!

एकदा त्याचे प्रगतिपुस्तक कणगीमागे सापडले. "आबा, बाबांना सांगू नका," एवढेच तो बोलला.

हेच पोर भजनात टाळ धरते. ठेका चुकला तर शेजारचा वारकरी आपला टाळ जरा पुढे करतो, इतकेच. तसाच त्या रात्री मी त्याच्याशेजारी बसलो. बेरजेतला हातचा कुठून येतो, हेच त्याला उमगले नव्हते. चिंचोके मांडले, दहा-दहांच्या पुरचुंड्या बांधल्या. तिसरी बांधताना तो म्हणाला, "असं होय!"